तपली की रुसते!

सेकंडहॅण्ड मोबाइल आपण चहा पिता पिता घेतो. सेकंडहॅण्ड बाइक घ्यायची तर बिल्डिंगखाली दोन चकरा मारून बघतो. पण सेकंडहॅण्ड ट्रक? तोही पुण्यापासून सहाशेच्या आसपास किलोमीटरवर उभा असलेला? आणि वर मालक स्वतःच सांगतोय, की इंजिन ‘कधी कधी’ बंद पडतं? शहाणा माणूस इथेच फोन ठेवेल. आम्ही तिघांनी मात्र यवतमाळच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सची तिकिटं काढली. आमचा फंडा सिंपल होता. गाडी बंद पडते ना? मग ती आपल्यासमोर बंद पडू दे!

आधी थोडी बॅकग्राउंड. आम्ही तिघं एकाच ऑफिसातले. शनिवार-रविवार लोकांचं घरसामान हलवून द्यायचं छोटं काम करतो. धंदा बरा चालतो, पण भाड्याचा टेम्पो अर्धी कमाई खातो. म्हणून स्वतःचा छोटा ट्रक हवा होता, टू-बीएचकेचं सामान एका खेपेत मावेल एवढा. बजेट तिघांचं मिळून साडेतीन लाख. त्यात एकाचं लग्न ठरलेलं. त्याचा वाटा बुडाला असता तर हॉलचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न होता. थोडक्यात, हे काही टाइमपास प्रकरण नव्हतं.

यवतमाळच का? एक तर माझा मामेभाऊ तिथे राहतो. दुसरं म्हणजे हा जिल्हा कापसाचा आणि कोळशाचा. वणीच्या बाजूला कोळसा खाणी, बाकी तालुक्यांत जिनिंग. दोन्हीकडे ट्रक लागतातच, त्यामुळे जुन्या गाड्याही विकायला निघतात. पण गाडीने आयुष्यभर काय वाहिलं, हे आधी विचारा. कोळसा जड, त्याची धूळ एअर फिल्टरमध्ये बसते, पाटे थकतात. कापूस त्या मानाने हलका, पण त्याचा सीझन ठरलेला. सीझन संपला की गाडी महिनोन्‌महिने उभी. आणि उभ्या गाडीची दुखणी वेगळी असतात, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आम्ही बघितलेला ट्रक कळंब तालुक्यातला. कापसावर चाललेला, २०१४ सालचा. मालक मागत होता ३ लाख ४० हजार.

‘कधी कधी’ म्हणजे कधी?

आमच्यातला एक जण सॉफ्टवेअर टेस्टर. त्याच्या भाषेत येणारा-जाणारा फॉल्ट म्हणजे रिप्रोड्यूस न होणारा बग. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणून सगळे हात वर करतात, आणि तो नेमका क्लायंटसमोर उगवतो. अशा बगवर एकच उपाय. तो कुठल्या परिस्थितीत येतो ते शोधायचं.

मग निघण्याआधी फोनवरच मालकाला पाच प्रश्न विचारले. गाडी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? रिकामी असताना की भरलेली? चढावर की सपाटीला? तेव्हा टाकीत डिझेल किती असतं? आणि पुन्हा किती वेळाने सुरू होते?

काका दिलखुलास. म्हणाले, “थंडी असली की मस्त चालते भाऊ. तपली की रुसते. माल भरून चढावर लागली की अर्ध्या घंट्यात बंद. दहा मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा पहिल्यासारखी. आधीच सांगतो, मंग मले बोल नोका लावू.” बॅटरी बदलून झाली होती, डिझेल फिल्टर बदलून झाला होता. फरक शून्य.

आता विचार करा. नेहमीसारखी सकाळी सकाळी रिकाम्या गाडीची दहा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह घेतली असती, तर ही गाडी शंभरपैकी शंभर मार्क घेऊन पास झाली असती.

कळंब ते यवतमाळ

एप्रिलचा महिना. पहाटे पोचलो, मामेभावाने त्याच्या ओळखीचे मिस्त्री सोबत घेतले होते. दिवसाची मजुरी आधीच ठरवली होती, गाडी घेतली तरी आणि नाही घेतली तरी. हे महत्त्वाचं. सौदा झाला तरच ज्याला पैसे मिळणार, त्याचं मत कितपत घ्यायचं ते तुम्हीच ठरवा.

मिस्त्रींनी आल्या आल्या इंजिनावर हात ठेवला. थंडगार. म्हणजे आपल्यासाठी आधीच गरम करून ठेवलेली नव्हती. मग धूर बघितला. काळा म्हणजे डिझेल जास्त जळतंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी जातंय. इथे सुरुवातीला जरासा पांढरा, मग साफ. ऑइलचं झाकण उघडून बघितलं, आतून जोरात वाफ मारत नव्हती. चला, पहिली परीक्षा पास.

दुपारी बाराला सरकीची पोती भरली आणि यवतमाळच्या रस्त्याला लागलो. शहर पठारावर, त्यामुळे कळंबहून येताना रस्ता चढत जातो. टाकीत डिझेल मुद्दाम कमी ठेवलं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पंचवीसाव्या मिनिटाला इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद! आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. काका बघतच राहिले.

मिस्त्री उतरले ते थेट डिझेल फिल्टरजवळच्या हातपंपाकडे. दट्ट्या वर ओढला की तो आपोआप आत खेचला जात होता. म्हणजे टाकीकडून डिझेल येतच नव्हतं. मग त्यांनी जी आयडिया केली, ती अफलातून होती. टाकीची नळी काढली, डिझेलने भरलेला एक कॅन बाजूला घट्ट बांधला आणि त्याची नळी थेट इंजिनाला जोडली. हवा काढली, सेल्फ मारला, गाडी सुरू. तेच ऊन, तोच माल, तोच चढ. नंतर तासभर पळवली, एकदाही रुसली नाही.

म्हणजे भानगड गरम होण्याची नव्हतीच! सीझन नसताना गाडी अर्ध्या टाकीवर उभी. टाकीच्या रिकाम्या भागात ओल धरते, गंज चढतो, त्याचा कचरा तळाला बसतो. चढावर भरलेली गाडी जास्त डिझेल ओढते, तेव्हा तो कचरा नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो. इंजिन बंद झालं की ओढ संपते, कचरा खाली पडतो आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी सुरू. काकांना वाटायचं ती सावलीत थंड झाली म्हणून चालली.

दट्ट्या व्यवस्थित चालला असता, डिझेल पोचत असतं आणि तरीही गाडी बंद पडली असती, तर संशय पंप, नोझल किंवा वायरिंगवर गेला असता. तो खर्च आमच्या खिशाबाहेरचा. तसं झालं तर चहा पिऊन परत फिरायचं, हे आम्ही पुण्यातच ठरवलं होतं. इथे मामला टाकी उतरवून साफ करण्याचा निघाला. सौदा ३ लाख ५ हजारांवर तुटला. टाकी साफ करून द्यायची काकांनी, आणि तोच चढ पुन्हा चढून दाखवायचा. त्यांनी दाखवला.

कागद आधी, पेढे नंतर

इंजिनाइतकेच ‘कधी कधी’ त्रास देणारे कागदही असतात. यवतमाळची पासिंग एमएच २९, पुण्याची एमएच १२. आरटीओ बदलतं, म्हणून एनओसीचा फॉर्म २८. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. फिटनेस बघा. आठ वर्षांवरच्या मालगाडीला तो दरवर्षी लागतो. ई-चलान आणि थकलेला कर तपासा.

सह्या करून ठेवलेल्या कोऱ्या फॉर्मवर मात्र गाडी घेऊ नका, देऊही नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलंय, की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही हवी. आम्ही शेवटचे पन्नास हजार एनओसी हातात आल्यावरच दिले, आणि काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

एक गुड न्यूजही ऐका. कारचं लायसन्स असेल तर असा छोटा ट्रक तुम्ही स्वतः चालवू शकता. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर वेगळ्या शिक्क्याची गरज नाही, यावर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं.

तेव्हा दोस्तहो, लांबची गाडी बघायला जाल तेव्हा ती चालताना बघायला जाऊ नका. चालताना सगळ्याच छान दिसतात. ती बंद कधी पडते, ते बघायला जा. आणि एखादा मालक ‘एक नंबर गाडी, काही प्रॉब्लेम नाही’ म्हणाला आणि दुसरा ‘कधी कधी रुसते’ म्हणाला, तर आधी दुसऱ्याला फोन लावा. त्याच्याकडे विचारायला पाच प्रश्न तरी असतात.