उन्हाळी प्रवास आणि इन्सुलिनची जपणूक

मधुमेह हा खुर्चीत बसून खाणाऱ्या श्रीमंतांचा आजार आहे, असे आपल्याकडे पूर्वी मानले जाई. आता तसे म्हणता येत नाही. वस्तीत, चाळीत, खेड्यात, रोजंदारीवर राबणाऱ्या माणसांतही हा आजार शिरला आहे. काहींचे गोळ्यांवर भागते, काहींना रोज इन्सुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही मधुमेह होता आणि ते इन्सुलिन घेत असत. तशाही प्रकृतीत त्यांनी १९५४ साली रंगूनचा, १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी नागपूरचा आणि त्यानंतर महिनाभरात काठमांडूचा प्रवास केला. आजार आहे म्हणून माणसाने घरात बसून राहावे, असे मुळीच नाही.

परंतु आपल्या अनेक बंधू-भगिनींचे प्रत्यक्षात काय होते? प्रवासाला निघायचे ठरले की प्रश्न येतो, "इन्सुलिनचे काय करायचे? तिथे फ्रीज नाही." मग कोणी बाटली घरच्या फ्रीजमध्ये ठेवून चार दिवस इंजेक्शनाशिवायच काढतो. कोणी ती थेट बर्फात गाडून नेतो. कोणी मोटारसायकलच्या डिकीत टाकतो. या तिन्ही गोष्टी घातक आहेत. पहिली तर सर्वांत घातक. ज्यांचे शरीर स्वतः इन्सुलिन तयारच करत नाही, अशा लहान मुलांचा व तरुणांचा जीव एक-दोन दिवसांच्या खंडानेही धोक्यात येऊ शकतो.

मी डॉक्टर नाही, बँकेतील एक कारकून आहे. घरात इन्सुलिन घेणारी व्यक्ती असल्यामुळे डॉक्टरांना विचारून, वाचून व वापरून जे समजले, ते आपल्या माणसांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

इन्सुलिन का बिघडते?

कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी हा आजार जडलेली मुले सहसा वाचत नसत. इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या विशिष्ट रीतीने दुमडून ते बनते. ही घडी शाबूत असेल तोवरच त्याचा गुण असतो. अंड्याचा पांढरा बलक तापला की घट्ट होतो व नंतर कितीही थंड केला तरी पूर्ववत होत नाही. इन्सुलिनचेही तसेच आहे. फार उष्णता, थेट ऊन आणि सततची आदळआपट यांनी ते हळूहळू निकामी होते.

ते गोठले तरीही निकामी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एका लग्नासाठी आम्ही सासूबाईंना घेऊन खानदेशात गेलो होतो. लॉजवाल्याने मोठ्या आपुलकीने त्यांची बाटली फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सकाळी पाहतो तो बाटली टणक झालेली. "उन्हात ठेवा, विरघळेल," असे तो सांगू लागला. विरघळते खरे, पण गुण परत येत नाही. ती बाटली टाकून द्यावी लागली आणि नवी मिळेपर्यंत दुपार झाली.

फ्रीज किती आवश्यक?

न उघडलेल्या बाटल्यांचा साठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे फ्रीजच्या मधल्या किंवा दाराच्या कप्प्यात ठेवावा. मात्र वापरात असलेल्या बाटलीला किंवा पेनला फ्रीज लागतच असे नाही. बहुतेक इन्सुलिन उघडल्यापासून साधारण चार आठवडे २५ ते ३० अंशांपर्यंत चांगले राहते. नेमकी मर्यादा त्या-त्या खोक्यावर व आतल्या कागदावर छापलेली असते. तीच आपल्यासाठी प्रमाण. बँकेत तारखेवाचून व्हाउचर पुढे जात नाही. तसेच बाटली उघडल्याची तारीख बॉलपेनने तिच्या चिठ्ठीवर लिहिण्याची सवय ठेवावी.

याबाबत एक दिलासा देणारी माहिती आहे. उत्तर केनियातील दागाहाले या निर्वासितांच्या छावणीत घरोघरी फ्रीज नाहीत. तेथे तापमान दिवसरात्रीत २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान खालीवर होते. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी अशाच बदलत्या तापमानात चार आठवडे ठेवलेले इन्सुलिन तपासले. थंडीत ठेवलेल्या इन्सुलिनच्या तुलनेत त्याच्या गुणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. याचा अर्थ इन्सुलिन तापू दिले तरी चालते, असा नव्हे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात त्याहून अधिक उकडते. अर्थ एवढाच की, फ्रीज नाही म्हणून इन्सुलिन बंद करण्याचे कारण नाही. त्याला सावली व थोडा गारवा द्यावा, म्हणजे काम भागते.

माठाचे शास्त्र

हा गारवा आपल्या घरातच आहे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना माठातील उष्णता घेऊन जाते. इन्सुलिनसाठी एका मोठ्या मातीच्या भांड्यात लहान भांडे ठेवावे. दोहोंमधील जागेत वाळू भरून ती दिवसातून दोन-तीनदा भिजवावी. बाटली पाणी न शिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून आतल्या भांड्यात ठेवावी व वर ओले फडके टाकावे. भांडे सावलीत, पण वारा लागेल अशा जागी असावे. अशा मातीच्या भांड्यांची शास्त्रीय चाचणी होऊन २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत आणि ती उपयुक्त ठरली आहेत.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माठ किती गार करील, हे हवा किती कोरडी आहे यावर ठरते. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. ४० अंशांच्या दुपारी हवेत २० टक्के दमटपणा असेल, तर बाष्पीभवनाने तापमान हिशेबाने २२ अंशांच्या आसपास उतरू शकते. प्रत्यक्षात त्याहून थोडे वर राहील, तरी ते पुरेसे आहे. पण मुंबईत ३३ अंश तापमान आणि ७५ टक्के दमटपणा असला, तर २९ अंशांच्या खाली काही केल्या जाता येत नाही. नगरहून टाकळी ढोकेश्वर, आळेफाटामार्गे जाणारी कल्याणची गाडी माळशेज घाट उतरली, की ओल्या फडक्याची कामगिरी कमी होते ती यामुळेच. देशावर माठ व ओले कापड, कोकणात थर्मास, असा साधा हिशेब ठेवावा.

प्रवासात काय करावे?

१) रुंद तोंडाचा थर्मास घ्यावा. त्यात थंड पाणी भरून अर्धा तास ठेवावे, मग ओतून आतून कोरडा पुसावा. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत व रुमालात गुंडाळून आत ठेवावी. दिवसभराच्या प्रवासाला एवढे पुरते.

२) बर्फाचा पॅक वापरायचा असेल, तर पोलिओ लसीकरणाच्या दिवशी दिसणारा नर्सताईंचा निळा डबा आठवावा. फ्रीजरमधून काढलेला पॅक त्या लगेच वापरत नाहीत. तो बाहेर ठेवून त्याला घाम फुटला आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला, की मगच डब्यात घालतात, म्हणजे लस गोठत नाही. आपणही तेच करावे. शिवाय पॅक व बाटली यांमध्ये जाड नॅपकिन ठेवावा.

३) पाण्यात भिजवून वापरायच्या खास पिशव्याही मिळतात. त्या माठाच्याच तत्त्वावर चालतात. म्हणून त्या बंद सुटकेसमध्ये कोंबू नयेत, वारा लागू द्यावा.

४) एस. टी.त सामानाच्या फळीवर, डिकीत किंवा इंजिनजवळ इन्सुलिन ठेवू नये. तापलेल्या टपाखालची फळी चांगलीच भाजते. पिशवी मांडीवर, उन्हाच्या विरुद्ध बाजूला असावी. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तर ते क्षणभरही सोडू नये.

५) विमानाने श्रीलंका, थायलंड किंवा आखाती देशांत जाणाऱ्यांनी इन्सुलिन हातातल्या बॅगेतच न्यावे. खाली दिलेल्या सामानात ते गोठण्याची व हरवण्याचीही भीती असते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी.

६) लागेल त्याच्या दुप्पट इन्सुलिन व सुया घ्याव्यात आणि त्या दोन पिशव्यांत विभागून ठेवाव्यात. शुगर तपासण्याच्या पट्ट्यांची डबीही उन्हापासून जपावी व घट्ट बंद ठेवावी.

७) उन्हाळ्यात टोचलेले इन्सुलिन रक्तात लवकर भिनते. त्यामुळे शुगर एकाएकी उतरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोज हवेच.

थंडीत, म्हणजे ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाताना, एवढा खटाटोप लागत नाही. ऊन लागू न देणे पुरेसे असते.

दुसऱ्या गावी नवी बाटली घेताना तिची ताकद वाचावी. आपल्याकडे ४० युनिटची व १०० युनिटची अशी दोन्ही इन्सुलिने मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी व नारिंगी टोपणाची १०० साठी असते. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले, तर अडीचपट डोस जातो. हे जिवावर बेतू शकते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांवर जातात. त्या कोपीत पाच-सहा महिने राहतात. त्यांचा प्रवास चार दिवसांचा नव्हे. "आमच्याकडे फ्रीज नाही, गोळ्याच द्या," असे सांगून इन्सुलिन नाकारणारी माणसे तेथे असतात. त्यांच्यासाठी वर सांगितलेली दोन भांडी फार मोलाची आहेत. कोपीत एका वेळी महिन्यापुरतेच इन्सुलिन ठेवावे. उरलेल्या साठ्यासाठी कारखान्याच्या गावातील औषध दुकानदाराला किंवा दवाखान्याला विनंती करावी. निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की, मी तोडीला जात आहे.

बिघडलेले कसे ओळखावे?

पाण्यासारखे दिसणारे इन्सुलिन गढूळ किंवा पिवळट झाले, तर ते टाकावे. दुधासारखे दिसणारे तळहातांमध्ये हलके घोळवल्यावर एकसारखे झाले पाहिजे. त्यात गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटले, तर तेही टाकावे. परंतु बिघडलेले इन्सुलिन पुष्कळदा दिसायला अगदी चांगले असते. खरी साक्ष रक्ताचीच. खाणेपिणे व डोस तोच असून शुगर सारखी चढत असेल, तर नवी बाटली काढावी आणि डॉक्टरांना गाठावे. मनानेच डोस वाढवू नये.

यात महागडे असे काही नाही. दोन मातीची भांडी, एक थर्मास, एक रुमाल आणि चिठ्ठीवर लिहिलेली तारीख, एवढ्यावर हे औषध सुखरूप राहते. आपल्या वस्तीतून एखादी गाडी निघत असेल, तेव्हा कार्यकर्त्यांनी भोजनाची व पाण्याची सोय विचारतात तसेच "कोणाकडे इन्सुलिन आहे का?" हेही विचारावे आणि गाडीत एक थर्मास सर्वांसाठी ठेवावा. फ्रीज नाही म्हणून आपल्यापैकी कोणाचेही इंजेक्शन चुकता कामा नये.