बरणीचे अडकलेले झाकण

काचेच्या साठवणीच्या बरणीवरील आट्यांचे झाकण हाताच्या नेहमीच्या जोराने न फिरणे, यास झाकण अडकणे किंवा जाम होणे असे म्हणतात. लोणचे, मोरावळा, गुळांबा, मध व तूप यांच्या बरण्यांबाबत हा अनुभव विशेष येतो. अडकण्याची कारणे निरनिराळी असून प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. कारण न ओळखता केवळ जोर लावल्यास काच फुटून हाताला इजा होते आणि वर्षभराची साठवणही वाया जाते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील घरांत लोणच्यासाठी पूर्वी चिनी मातीची बरणी वापरली जाई. तिचे झाकण नुसते वर ठेवलेले असे आणि तोंडाला स्वच्छ कापडाचा दादरा बांधला जाई. लोणच्यावर तरंगणारा तेलाचा थर हवा अडवीत असल्याने झाकण घट्ट असण्याची गरज नव्हती. साहजिकच ते अडकतही नसे. आट्यांच्या काचेच्या बरणीचे एकस्व (पेटंट) अमेरिकेतील जॉन लँडिस मेसन यांनी १८५८ मध्ये घेतले. महाराष्ट्रात तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये पैसा फंड काच कारखाना आणि कऱ्हाडजवळ १९१६ मध्ये ओगले काच कारखाना सुरू झाला. पुढे बाजारातील खाद्यपदार्थांच्या रिकाम्या बरण्या धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. अशा बरण्यांची झाकणे आपसांत बदलतात. दुसऱ्याच बरणीचे झाकण आट्यांवर तिरके बसते व तसेच रुतते, ही अडकण्याची एक अगदी घरगुती तऱ्हा होय.

कारणे

गरम पदार्थ भरून लगेच झाकण लावल्यास आतील वाफ थंड होताना पाण्यात रूपांतरित होते व आतील दाब उतरतो. बाहेरची हवा मग झाकण खाली दाबून धरते. ६.३ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर असते. आतील दाब बाहेरच्या निम्म्यावर आला, तरी त्यावर सुमारे १५ किलो वजनाइतका भार पडतो आणि आट्यांमधील घर्षण तेवढ्याने वाढते.

गुळांबा, मध किंवा मोरावळ्याचा पाक आट्यांत उतरून वाळल्यास साखर सरसासारखी चिकटते. लोणच्याचे मीठ आणि आंबटपणा पत्र्याच्या झाकणाला गंज चढवतात. शीतकपाटात ठेवलेल्या बरणीत काचेपेक्षा धातूचे झाकण अधिक आकसते, त्यामुळे पकड घट्ट होते.

भाटघर परिसर

पुणे जिल्ह्यातील भोर व राजगड (पूर्वीचे वेल्हे) तालुक्यांच्या भागात, भाटघर धरणाच्या (येसाजी कंक जलाशय) भोवती, यांतील दोन कारणे ठळकपणे दिसतात. सह्याद्रीच्या कुशीतील या पट्ट्यात पावसाळाभर हवा दमट राहते. फडताळात ठेवलेल्या बरणीचे पत्र्याचे झाकण या दिवसांत आतून-बाहेरून गंजते. दुसरे कारण उंचीचे. हा भाग समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब कोकणातल्यापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतो. भोरला हवाबंद केलेली बरणी वरंधा घाटाने महाडला उतरवली, तर वरील आकाराच्या झाकणावर सुमारे दोन किलोचा जादा भार येतो. उलट कोकणातून वर आणलेल्या बरणीची पकड तितकीच सैल होते. हा फरक लहान आहे. गंजापुढे तो नगण्यच म्हणावा लागेल.

उघडण्याच्या पद्धती

झाकण वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. बरणी, झाकण व हात कोरडे करणे ही पहिली पायरी. तेलकट हाताचा जोर घसरण्यातच जातो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी झाकणाभोवती गुंडाळल्यास पकड पुष्कळ सुधारते.

निर्वातामुळे घट्ट बसलेल्या पातळ पत्र्याच्या झाकणाची कड चमच्याच्या दांड्याने किंचित उचलली, की हवा आत शिरल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो आणि झाकण सहज फिरते. दांडा काचेवर टेकवून जोर देऊ नये, कारण तोंडाचा टवका तेथेच उडतो.

झाकणावर गरम पाणी सोडण्याचा उपाय प्रसरणावर आधारित आहे. तापमान ५० अंश सेल्सिअसने वाढल्यास ६.३ सेंटिमीटरचे पोलादी झाकण सुमारे ०.०४ मिलिमीटरने आणि ॲल्युमिनियमचे सुमारे ०.०७ मिलिमीटरने रुंदावते. काचही तापली तर हा लाभ घटतो, म्हणून पाणी झाकणावरच, अर्धा ते एक मिनिट सोडतात. शीतकपाटातून काढलेल्या बरणीवर उकळते पाणी ओतल्यास साधी काच तडकते. साखरेने चिकटलेले झाकण मात्र प्रसरणाने नव्हे, विरघळण्याने सुटते. त्यासाठी बरणी उलटी करून झाकणापुरत्या कोमट पाण्यात काही वेळ ठेवतात. गंजलेल्या कडेवर खाद्यतेलाचे थेंब सोडून रात्रभर थांबणे इष्ट. बत्त्याने किंवा वरवंट्याने ठोकणे ही सर्वांत रूढ आणि सर्वांत वाईट पद्धत आहे.

धोके

उघडताना तोंडाची काच उडाल्यास आतील पदार्थ टाकून द्यावा लागतो. तेलात किंवा पाकात काचेची कपची दिसत नाही आणि गाळूनही ती निघाल्याची खात्री देता येत नाही. गंजाचे पापुद्रे आत पडल्यासही तो पदार्थ खाण्यायोग्य राहत नाही.

फुगलेले झाकण हे आत वायू तयार झाल्याचे लक्षण आहे. कमी आंबट पदार्थ हवाबंद ठेवल्यास त्यात बोटुलिझम या प्राणघातक विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. असा पदार्थ चाखूनही पाहू नये. विष तयार झाले तरी वास वा चव बदललीच असेल असे नाही.

प्रतिबंध

पदार्थ काढल्यावर बरणीचे तोंड व आटे ओल्या फडक्याने पुसून कोरडे केल्यास साखर साचत नाही. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून मग पत्र्याचे झाकण लावण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्यामुळे मीठ पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. ज्या बरणीचे झाकण तिच्यावरच राहावे, असे वाटते तिच्यावर व झाकणावर एकच खूण करतात.