वर्गणीवांचून दूरचित्रवाणी : स्वस्त बॉक्स घेतांना काय पाहावें

आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंच्या घरीं दूरचित्रवाणीचा संच आहे. परंतु दरमहाची वर्गणी भरणें जड जातें म्हणून तो कापडाखालीं झांकून ठेवलेला आढळतो. शेतकऱ्याच्या हातीं पैसा यावयाचा तो सुगीला, आणि वर्गणी मागणारा येणार महिन्याच्या महिन्याला. अशा घरांसाठीं प्रसार भारतीची ‘डीडी फ्री डिश’ ही सोय फार उपयोगी आहे. ही योजना डिसेंबर २००४ मध्यें ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नांवानें सुरू झाली. तींत मासिक वर्गणी मुळींच नाहीं. छत्री, बॉक्स व तार मिळून सुमारें दोन हजार रुपयांचा खर्च एकदां केला म्हणजे झालें. उंच काठीवरील जुन्या अँटेनाच्या दुरुस्तीस मात्र कोणीं पैसे घालूं नयेत. कारण जमिनीवरील जुनीं प्रक्षेपणकेंद्रें, थोडीं वगळतां, २०२२ पर्यंत बंद करण्यांत आलीं आहेत.

शेतकऱ्यास यांत करमणुकीपलीकडेहि लाभ आहे. मुंबई दूरदर्शनवर ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम पाहत आपल्यापैकीं कित्येकांची उमर गेली. खास शेतीला वाहिलेली ‘डीडी किसान’ ही वाहिनी २६ मे २०१५ रोजीं सुरू झाली. २०२४ पासून तिजवर यंत्रबुद्धीनें घडविलेले निवेदकहि बोलूं लागले आहेत. तें कित्येकांना रुचेल, कित्येकांना रुचणार नाहीं.

आतां बॉक्सकडे वळूं. येथें मीं स्वतः ठोकर खाल्ली आहे, म्हणून जरा विस्तारानें लिहितों. तालुक्याच्या बाजारीं एका दुकानीं दोन बॉक्स पुढें आले. एक दुसऱ्यापेक्षां दोनशे रुपयांनीं स्वस्त. दोन्ही एकच, असें दुकानदारानें सांगितलें व मीं स्वस्त तो उचलला. घरीं लाविल्यावर चित्र तर उत्तम आलें. पण शेजाऱ्याच्या घरीं दिसणाऱ्या कित्येक वाहिन्या आमच्या घरीं उमटेनात. छत्री हालविली, तार बदलली, दोन दिवस गच्चीवर उन्हांत घातले. अखेर कळलें कीं दोष छत्रीचा नव्हे, बॉक्सच्या जातीचा.

ही जात म्हणजे काय? चित्र पाठवितांना तें दाबून आंवळून पाठवावें लागतें. सुटा कापूस गाडींत थोडा मावतो, गांठ बांधली म्हणजे पुष्कळ मावतो, तसेंच हें आहे. दाबण्याच्या जुन्या रीतीस ‘एमपेग-२’ व नव्या रीतीस ‘एमपेग-४’ म्हणतात. नव्या रीतीची गांठ अधिक घट्ट. फ्री डिशवर दोन्ही रीतींनीं वाहिन्या येतात. एमपेग-४ चा बॉक्स दोन्ही गांठी सोडतो. एमपेग-२ च्या बॉक्सला नवी गांठ सुटत नाहीं. ‘विकलेला माल परत नाहीं’ ही पाटी दुकानांत होतीच. दोनशे रुपये वांचवावयास गेलों आणि दुसरा आखा बॉक्स घ्यावा लागला. तेव्हां खोक्यावर ‘एमपेग-४’ हीं अक्षरें स्वतः वाचल्याखेरीज, किंवा लिहितां वाचतां येणाऱ्या मुलाकडून वाचवून घेतल्याखेरीज, पैसे मोजूं नयेत.

बॉक्सची मागची बाजूहि पाहावी. संच जुना, फुगीर कांचेचा असेल तर पिवळें, पांढरें व तांबडें अशीं तीन भोकें हवींत. नवा चपटा संच असेल तर एचडीएमआयची खांच हवी. संच नवाच घ्यावयाचा असेल तर त्यांत उपग्रहाचा ट्यूनर आधींच बसविलेला आहे काय, हें विचारावें. कांहीं संचांत तो असतो आणि मग बॉक्सची गरजच राहत नाहीं.

काटकसर करावयाचीच तर छत्रींत करावी. वर्गणी थकल्यामुळें बंद पडलेल्या जुन्या कंपनीची छत्री गच्चीवर असेल तर ती गंजलेली व वांकलेली नसल्यास चालते; फक्त दिशा बदलावी लागते. तिच्या तोंडावरील एलएनबी मात्र चालेलच असें नाहीं. ९७५०–१०६०० असें लिहिलेला ‘युनिव्हर्सल’ एलएनबी घ्यावा, आणि बॉक्सच्या मांडणींत तेच आंकडे भरावे.

या वाहिन्या नोव्हेंबर २०१५ मध्यें सोडलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्तावर, ९३·५ अंश पूर्व रेखांशीं, सुमारें ३६,००० किलोमीटर उंच आहे. म्हणून महाराष्ट्रांतून तो आग्नेयेस येतो. पुण्याकडे तो क्षितिजापासून सुमारें ५९ अंश उंच आहे, तरी छत्रीची बैठक तिरपी असल्यामुळें तिचें तोंड त्याहून बरेंच खालीं वळलेलें दिसतें. त्यानें गोंधळूं नये. आग्नेयेस आंबा, निंब किंवा शेजाऱ्याची माडी आड येत नाहीं ना, हें आधीं पाहावें. शेवगा तर फारच लबाड. आज कमरेइतका असतो आणि दोन वर्षांत छत्रीवर सावली धरतो.

खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावानें दिल्या जातात, त्यामुळें वाहिन्यांची यादी वेळोवेळीं बदलते. नेहमींची वाहिनी एकाएकीं नाहींशी झाली तर कारागीर बोलावण्यापूर्वीं रिमोटनें नवा शोध लावून पाहावा; पुष्कळदां तेवढ्यानें काम होतें. मुसळधार पावसांत चित्र तुटणें हा मात्र बॉक्सचा दोष नव्हे. या लहरी पावसाच्या दाट सरींत क्षीण होतात. पाऊस ओसरला कीं चित्र आपोआप परत येतें. त्यावेळीं निसरड्या गच्चीवर चढून नीट बसलेली छत्री हालवूं नये.