कोळशांचे दोन विस्तव

ईस्टरच्या पवित्र पर्वावर ख्रिस्ती बांधव प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचे स्मरण करतात. त्या महान कथेच्या कडेने एका कोळ्याची लहानशी कथा वाहते. कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान म्हणून लावावी, अशीच ती आहे.

गालीलचा शिमोन पेत्र हा मासेमारीवर निर्वाह करणारा, उतावळ्या स्वभावाचा पुरुष. सर्वांनी साथ सोडली तरी आपण सोडणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा. परंतु गुरूला बांधून नेले त्या रात्री, महायाजकाच्या वाड्यात, एका दासीच्या प्रश्नाने तो डगमगला. तीन वेळा त्याने गुरूची ओळख नाकारली. कोंबडा आरवला, आणि भानावर येऊन तो ढसढसा रडला.

नवल हे की, हा नकार चारही शुभवर्तमानांत नोंदलेला आहे. ज्याला पुढे अग्रमान लाभला, त्याचा कलंक अनुयायांनी झाकला नाही. मार्काने आपले शुभवर्तमान पेत्राच्या शिकवणुकीवरून लिहिले, अशी प्राचीन परंपरा आहे. ती मानली, तर या अपराधाचा पहिला निवेदक स्वतः पेत्रच ठरतो.

शब्दांच्या उपासनेत आयुष्य वेचलेल्या आम्हांस योहानाच्या शुभवर्तमानातील एक शब्द मोलाचा वाटतो. त्या रात्री पेत्र ज्यापाशी शेकत उभा होता, त्या कोळशांच्या विस्तवास मूळ ग्रीकात ‘अंथ्राकिया’ म्हटले आहे. अवघ्या नव्या करारात हा शब्द आणखी एकदाच येतो. पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी, पहाटे, प्रभूने शिष्यांसाठी मासळी व भाकर सिद्ध ठेवली, तेथे. पुन्हा तसाच विस्तव आणि समोर तोच पेत्र. तीन नकारांच्या जागी प्रेमाविषयी तीन प्रश्न. जाब विचारला नाही. प्रत्येक उत्तरासरशी मेंढरे राखण्याचे काम तेवढे सोपविले.

यानंतर पेत्र निर्दोष झाला काय? नाही. अंत्युखियास लोकभयास्तव त्याने परजातीय बंधूंच्या पंक्तीतून अंग काढून घेतले, तेव्हा पौलाने त्यास सर्वांसमक्ष खडसावले. आणि हा पौल तरी कोण? पूर्वायुष्यात ख्रिस्तानुयायांचा छळ करणारा! भांडे मातीचे, आतील ठेवा मात्र देवाचा, हा विचार त्यानेच करिंथकरांस कळविला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला व पुढे ख्रिस्तकथा मराठी कीर्तनात आणली. आमच्या वीणा-चिपळ्यांस ही कथा त्यामुळे परकी राहिलेली नाही.

वाचकहो, चुकलेल्यास आपणही क्षमा करतो. परंतु कोठीची किल्ली पुन्हा त्याच्या हाती देत नाही. त्या पहाटे प्रभूने क्षमेबरोबर किल्लीही दिली. आपल्या घरात असा एखादा पेत्र खाली मान घालून बसला असेल, तर या पर्वकाळी त्याच्यावर एखादे काम विश्वासाने सोपवून पाहावे.