सांडपाणी आणि हिरवा हायड्रोजन

हिरव्या हायड्रोजनला स्वतःचा रंग नाही. हे विशेषण त्याला विजेमुळे मिळाले. ऊन वा वाऱ्यापासून मिळविलेली वीज पाण्यातून सोडली, की पाण्याचे घटक विलग होतात. ९ किलो पाण्यातून १ किलो हायड्रोजन व ८ किलो प्राणवायू निघतो. त्यास ५० युनिटांहून अधिक वीज लागते.

वऱ्हाडचा शेतकरी विचारील, पाणी कोठले? प्रश्न रास्त आहे. अमरावतीची तहान अप्पर वर्धा धरण भागविते, अकोल्याची काटेपूर्णा. त्याच पाण्यावर शेतेही भिजतात. ते कारखान्याकडे वळविणे अन्यायाचे होईल. मग शहराने वापरून टाकलेले पाणी का घेऊ नये? नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जातेच. हायड्रोजनसाठी ते आणखी गाळून क्षारमुक्त करावे लागेल.

यात दुसराही लाभ आहे. मैला खाणाऱ्या जंतूंना हौदात सतत हवा पुरवावी लागते. शुद्धीकरण केंद्राची बरीचशी वीज त्यातच खर्च होते. तेथे हा प्राणवायू उपयोगी पडेल.

मात्र वीज कोळशाची असेल, तर सारा खटाटोप फोल. आणि त्याआधी घरोघरचे सांडपाणी केंद्रापर्यंत पोचले पाहिजे. नाल्यात सोडून दिलेल्या पाण्यातून रोगराईखेरीज काय निघणार?