किनवटच्या वाटेवरचा वाघ

हल्ली सुट्ट्यांच्या दिवसांत नांदेड-लातूरकडच्या डॉक्टर, वकील आणि निवृत्त प्राध्यापक मंडळींच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर सिंह दिसू लागले आहेत. केनियातलं मसाई मारा, टांझानियातलं सेरेंगेटी, उघड्या छताची गाडी आणि चार हातांवर जांभई देणारा आयाळवाला. सिंह दिवसाचे अठरा-वीस तास लोळून काढतो, भोवती मैलोन्‌मैल मोकळं गवत, त्यामुळे तो दिसण्याची जवळपास हमी असते. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, किनवटच्या सागवानात, अशी हमी कुणी देत नाही. जनावरं इथंही आहेत. दर्शन द्यायचं की नाही, ते मात्र तीच ठरवतात.

नांदेडहून भोकर, हिमायतनगर करत रस्ता इस्लापूरकडे वळला की कपाशी-सोयाबीनचा सपाट मुलूख संपतो आणि डोंगर सुरू होतात. रेल्वेही याच अंगानं जाते. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर ‘सहस्रकुंड’ नावाचं स्थानकच आहे. किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद राज्यात होतं. म्हणून इथल्या बाजारात मराठीइतकीच तेलुगू, गोंडी आणि बंजाऱ्यांची गोरबोली कानावर पडते. शेजारच्या माहूरची रेणुकादेवी आणि दत्तशिखर वाचकांना नव्यानं सांगायला नको. सहस्रकुंडच्या धबधब्याची कथा मात्र सांगण्यासारखी आहे. परशुरामानं बाण मारला आणि पैनगंगा हजार धारांनी फुटली, असं काठावरच्या महादेवाच्या देवळात सांगतात. पावसाळ्यात काळ्याकभिन्न खडकावरून लाल पाणी कोसळताना पाहिलं की कथेवर शंका घ्यावीशी वाटत नाही. उन्हाळ्यात त्याच कुंडात डबकी उरतात.

याच पैनगंगेनं तीन बाजूंनी वेढलेलं पैनगंगा अभयारण्य म्हणजे इथलं खरं रान. क्षेत्र सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. बराचसा भाग यवतमाळच्या उमरखेड तालुक्यात, उरलेला नांदेडकडे. साग, मोह, तेंदू, ऐन, धावडा. आणि त्यांच्या आडोशानं बिबट्या, अस्वल, तडस, नीलगाय, चितळ, सांबर, भेकर, चौसिंगा. गाडीतून धूळ उडवत फिरणाऱ्याला यातलं फारसं काही दिसत नाही. रान कसं बघायचं ते मला एका वनमजुरानं शिकवलं. सरकारी खाकी शर्ट, खाली धोतर, वय साठीच्या घरातलं. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही.

काका रस्त्याकडे बघत चालत नाहीत, रस्त्यावर बघत चालतात. नाल्याच्या ओल्या वाळूशी ते उकिडवे बसले. “हे बगा सर, नखं उमटली. म्हंजे कुत्रं नाय तर तडस. वाघ-बिबट्या चालताना नखं आत ठेवतो.” पुढच्या वळणावर माणसाच्या अनवाणी पायासारखा, पाच बोटांचा ठसा. माझ्या तोंडून “कुणी तरी पोरगं गेलंय वाटतं” निघालं, तसे ते मनापासून हसले. “पोरगं नाय जी, अस्वल. मागचा पाय हाय.”

वाघाच्या पावलाचा साचा घेणं ही त्यांची खरी कला. ठशाभोवती पत्र्याचं कडं ठेवायचं, प्लास्टर ऑफ पॅरिस ताकापेक्षा जरा दाट कालवायचं, वरून धार न धरता कडेनं सोडायचं, आणि वाळेपर्यंत बिडी न पेटवता गप्प बसायचं. नराच्या मागच्या पायाचा ठसा चौकोनात बसतो, मादीचा लांबट आयतात. एके काळी देशभरातली व्याघ्रगणना अशाच ठशांवर चालायची. काचेवर ठसा गिरवायचा आणि कागदावर उतरवून घ्यायचा. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ आणि रानात शून्य, हे 2005 साली उघड झालं आणि ती पद्धत मोडीत निघाली. आता झाडाला कॅमेरे बांधतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, डाव्या-उजव्या कुशीचेसुद्धा वेगळे. फोटो जुळवून वाघ मोजले जातात. 2022 च्या गणनेत महाराष्ट्राचा आकडा 444 निघाला. काकांची या बदलाबद्दल तक्रार नाही. “कॅमेरा खरंच बोलतो,” ते म्हणाले, “पण तो बांधायचा कुठं, हे त्याला कोण सांगनार?”

किनवटला रोज भेटणारा वाघ नाही. येतो तो बहुधा वाटसरू. शेजारी यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं. तिथं वाघ वाढले, जागा मात्र तेवढीच राहिली. वयात आलेल्या नराला स्वतःचा मुलूख लागतो. तो शोधायला निघतो. 2019 च्या जूनमध्ये टिपेश्वरचा, गळ्यात रेडिओ-पट्टा लावलेला एक तरुण वाघ असाच निघाला. तेलंगणाची हद्द, पैनगंगेचं खोरं, हिंगोली, वाशीम करत त्यानं बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य गाठलं. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरच्या वर चाल. दिवसा नाल्यात, झुडपात दडायचं आणि रात्री कपाशीतून पुढं सरकायचं. 2024 च्या दिवाळीच्या सुमारास किनवटकडून निघालेला ‘जॉनी’ जोडीदारीण शोधत आदिलाबाद-निर्मलच्या जंगलांत हिंडला; तेलंगणाच्या वर्तमानपत्रांनी त्याच्या विरहाच्या बातम्या चवीनं छापल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टिपेश्वरचाच आणखी एक वाघ धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात उमटला. म्हणजे लातूरच्या उंबरठ्यावर.

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. तिथं वाघाची बातमी येते तेव्हा मुरुडच्या बाजारात मोबाईलवरचे खरे-खोटे व्हिडिओ वाघाआधी पोचतात. पण हा जिल्हा मुळातच जनावरांना पारखा होता असं नाही. मांजरेच्या काठच्या जुन्या गाळात, हारवाडी वगैरे गावांच्या परिसरात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्ती, पाणघोडे आणि रानबैलांची अश्मीभूत हाडं सापडली आहेत. उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या या जिल्ह्यात हजारो वर्षांपूर्वी पाणघोडे डुंबत होते. आज आफ्रिकेत तिकीट काढून बघतो ते दृश्य मांजरेकाठी फुकट होतं. बघणारी माणसं तेवढी मोजकी.

किनवटचं दुखणं काय, तर वाघाच्या या वाटेचं कुणालाच अगत्य नाही. अभयारण्याच्या हद्दीत फलक आहेत, पाणवठे आहेत. हद्द संपली की सागाची चोरटी तोड, रानडुकरांसाठी लावलेले फास आणि विजेच्या तारा. मार्चमध्ये मोह गळू लागला की फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आणि ती आग डोंगरभर पळते. भल्या पहाटे मोह वेचायला बायका जातात, त्याच मोहासाठी अस्वलही येतं. गाठ पडली तर नुकसान दोघांचं. गावकऱ्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण मोह हे त्याचं चार महिन्यांचं मीठ-मिरचीचं साधन आहे, आणि वाघानं मारलेल्या गाईचा पंचनामा वेळेत झाला नाही तर त्यानं वाघावर माया का करावी?

आफ्रिकेतून सिंहाच्या फोटोंशिवाय आणण्यासारखी एक गोष्ट आहे. माराच्या भोवती मसाई गुराख्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून सफारीवाल्यांना भाड्यानं दिल्या आहेत. जमिनीवर सिंह राहतो म्हणून मालकाला दरमहा पैसे मिळतात. आमच्याकडे कपाशीतून वाघ जातो तो फुकटच, वर शेतकऱ्याची रात्रीची पाणीपाळी चुकवून. त्या वाटेवरच्या शेताचं भाडं ठरवणं कोणत्याही पर्यटन आराखड्यापेक्षा मोलाचं ठरेल.

वाघच बघायचा असेल तर पांढरकवड्याजवळच्या सुन्ना दारातून टिपेश्वरची सफारी करावी. पावसाळ्यात ती बंद असते. पैनगंगेत मचाणावर रात्र काढायची हौस असेल तर बुद्धपौर्णिमेच्या ‘निसर्गानुभव’साठी आधी नाव नोंदवावं. आणि रान वाचायला शिकायचं असेल तर किनवटला यावं. सोबत वाटाड्या घ्यावा, गाडी लांब ठेवावी आणि त्याची मजुरी ठरवताना घासाघीस करू नये.