हिरवा दिवा लागला, पण पाणी?

बरेच जण मला विचारतात, ‘साहेब, वायरलेस व्हॉल्व्हवरचा दिवा हिरवा लुकलुकतोय, म्हणजे सगळं ठीक ना?’ माझं उत्तर असतं, अर्धंच ठीक.

मी सिग्नल्सचा माणूस. वायरलेसवर ‘रॉजर’ आणि ‘विल्को’ हे दोन वेगळे शब्द असतात. रॉजर म्हणजे निरोप पोचला. विल्को म्हणजे पोचला आणि अमलात आणतो. नवे पोरगे दोन्हींत गल्लत करायचे आणि बोलणी खायचे. निवृत्तीनंतर महूला बाग केली आणि तीच गल्लत मी स्वतः केली. एका मे महिन्यात रात्री मोबाईलवर ‘बंद’ दिसलं, हिरवा दिवाही लुकलुकला. सकाळी पाहतो तर ५००० लिटरची टाकी रिकामी आणि पेरूच्या आळ्यांत चिखल. बोअरवेल तेव्हा दिवसाला जेमतेम तासभर पाणी देत होती.

व्हॉल्व्हच्या आत रबरी पडदा असतो. त्याच्या वरच्या बाजूला बारीक भोकातून पाणी येतं आणि त्याच पाण्याचा दाब पडद्याला खाली टेकवून वाट बंद ठेवतो. सोलेनॉइड फक्त हे वरचं पाणी सोडतो किंवा अडवतो. माझ्या पडद्याखाली वाळूचा खडा अडकला होता. सोलेनॉइडने हुकूम पाळला, दिव्याने तेवढंच कळवलं. पण पडदा टेकलाच नव्हता. साध्या यंत्रातल्या दिव्याला वाहतं पाणी दिसत नाही. त्यासाठी वेगळा फ्लो मीटर लागतो. टाकीखाली फिल्टर बसवायचा मी आळस केला होता, हेही सांगून टाकतो.

रंगांचं म्हणाल तर ते कंपनीगणिक बदलतात. बहुधा हिरवी लुकलुक म्हणजे संपर्क आहे, निळी म्हणजे जोडणी शोधतोय, लाल म्हणजे बॅटरी उतरली किंवा बिघाड. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. पुस्तिकेतलं ते एक पान कापून झाकणाच्या आत चिकटवा. आणि नुसता रंग बघू नका, किती वेळा लुकलुकतो तेही मोजा.

दिवा विझलेला दिसला की लोक घाबरतात. हिशोब करा. दिवा ५ मिलीअँपिअर खात असेल आणि बॅटरी २००० मिलीअँपिअर-तासांची असेल, तर तो सतत जळत ठेवल्यास ४०० तासांत, म्हणजे १७ दिवसांत बॅटरी खलास. म्हणून यंत्र मुद्दाम झोपतं. बटण दाबा, जागं होतं.

बटण दाबूनही जागं झालं नाही, तर मात्र सावध व्हा. बॅटरीवरच्या व्हॉल्व्हमध्ये बहुधा लॅचिंग सोलेनॉइड असतो. विजेचा एक झटका दिला की उघडतो, उलटा झटका दिला की बंद होतो, आणि मधल्या वेळात त्याला वीज लागत नाही. म्हणजे उघडा असताना बॅटरी मेली तर तो उघडाच राहणार. काही यंत्रं बॅटरी संपण्याआधी स्वतः बंद होतात, सगळी नाही. लाल दिसल्यावर ‘रविवारी बदलू’ म्हणू नका, आणि बाहेरगावी जाताना टाकीखालचा कॉक हाताने बंद करा.

हल्ली पाळी संपली की मी दिवा बघतो, मग बॅटरी घेऊन शेवटच्या ठिबक नळीपाशी जाऊन वाकतो. थेंब थांबले तरच झोपायला जातो. बायको विचारते, मग मोबाईलवरून व्हॉल्व्ह बंद करायची हौस कशाला?